मागल्या दारानं एर्दिग

वेल्सच्या ईशान्य कोपऱ्यात, रेक्सम शहराच्या दक्षिणेला दोनेक मैलांवर एर्दिग नावाची एक जुनी हवेली आहे. 1680च्या दशकात बांधलेली, 240 वर्षं एकाच कुटुंबानं सांभाळलेली आणि 1973 पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीची. ब्रिटनमध्ये अशी शेकडो घरं आज लोकांना पाहायला खुली आहेत. एर्दिगचं वेगळेपण असं, की तिकीट काढून आत शिरलेला माणूस प्रथम सुतारशाळेच्या अंगणात पोचतो. तिथून लोहाराची भट्टी, मग पागा, मग धोबीखाना, भटारखाना, मुदपाकखाना, नोकरांची जेवणखोली आणि अगदी शेवटी मालकांचे रेशमी पडद्यांचे दिवाणखाने. हवेलीची रचना समजून घ्यायची असेल तर हाच क्रम बरोबर आहे, असं माझं ठाम मत आहे. दर्शनी बाजू पाहून घर कसं दिसतं ते कळतं. घर चालतं कसं, हे मागच्या अंगणांत कळतं.

आपण मात्र थोडा वेळ या क्रमाच्या बाहेर राहू, कारण अंगणं का लागली हे समजायला आधी घर कसं वाढत गेलं ते माहीत हवं.

हवेली एका उंच कड्यावर उभी आहे. पश्चिमेला जमीन एकदम उतरते आणि खाली क्लुएदोग नदीचं खोरं पसरतं. पूर्वेला सपाट जागा आहे आणि तिथे बाग. जोशुआ एडिसबरी या गृहस्थानं ही जागा निवडली. तो डेनबिशायर परगण्याचा हाय शेरीफ होता. चेशरमधल्या मिडलविच गावच्या थॉमस वेब या गवंड्यानं घराचा आराखडा केला आणि 1684 ते 1687 या काळात विटांचं, सरळ रेषांचं, दोन्ही बाजू एकमेकींना जुळणाऱ्या अशा बेताचं घर उभं राहिलं. मधोमध दार, दोन्हीकडे सारख्या अंतरावर खिडक्या, खाली अर्धं जमिनीत गेलेलं तळघर आणि वर उतरतं छप्पर. त्या काळी या भागातल्या जुन्या घरांत लाकडी सांगाडे आणि गरजेनुसार वाढत गेलेल्या खोल्या असत. त्यांच्या शेजारी हे मोजूनमापून बांधलेलं घर नव्या काळाचं वाटलं असणार.

एडिसबरीची ऐपत मात्र घराएवढी नव्हती. त्यानं ज्यांच्याकडून कर्ज काढलं त्यांत जवळच राहणाऱ्या घराण्यातला इलायहू येल होता. हा येल म्हणजे मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर झालेला, आणि पुढे अमेरिकेतल्या येल विद्यापीठाला ज्याचं नाव मिळालं तोच. त्यानं एडिसबरीला भेट दिलेला लाखकामाचा घडीचा पडदा आजही हवेलीत आहे. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या व्यापारातला पैसा वेल्समधल्या एका घराच्या विटांपर्यंत कसा पोचला, याचा तो पडदा म्हणजे डोळ्यांसमोरचा पुरावा. मैत्री होती, भेटी होत्या, तरी कर्ज फिटलं नाही. एडिसबरी बुडाला आणि घर विकावं लागलं.

घेणारा जॉन मेलर हा लंडनच्या चान्सरी न्यायालयातला बडा अधिकारी. पैसा भरपूर, लग्न केलेलं नाही आणि घर सजवण्याची दांडगी हौस. 1720च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं मूळ घराच्या दोन्ही टोकांना एकेक पाखं जोडलं. त्यामुळे घर लांबट झालं आणि आत खोलीला खोली लागून एक सलग माळ तयार झाली. एका खोलीच्या दारात उभं राहिलं की पुढच्या खोल्यांची दारं एका रेषेत दिसतात. पाहुण्याचा मान जितका मोठा तितकं त्याला आत न्यायचं, असा या माळेचा नियम होता. साधा माणूस पहिल्या खोलीतून परत जाई. मानाचा पाहुणा शेवटच्या शयनगृहापर्यंत पोचे. तिथल्या शाही पलंगाला चिनी भरतकामाचं रेशीम लावलेलं आहे. तो 1720चा.

मेलरनं लंडनच्या नामांकित कारागिरांकडून सामान मागवलं. त्यांत जॉन बेल्चर या कारागिराचे मोठे सोनेरी आरसे आहेत. ते कुठे टांगले आहेत ते नीट पाहावं. दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर. दिवसा ही भिंत खोलीतली सगळ्यात काळोखी जागा असते, कारण डोळे दोन्हीकडच्या उजेडानं दिपलेले असतात. तिथे आरसा लावला की समोरच्या भिंतीवर पडलेला उजेड तो परत खोलीत फेकतो. रात्री त्याच्यापुढे मेणबत्ती ठेवली की एका ज्योतीच्या दोन होतात. खुर्च्यांना सोन्याचा आणि चांदीचा मुलामा देण्यामागेही श्रीमंतीचा डौल होता तसा हा हिशोबही होता. मेणबत्त्या महाग, हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडायचा, आणि चकाकणारी प्रत्येक कड थोडासा उजेड परत देई. एर्दिगमध्ये हे आजही अनुभवता येतं, कारण या खोल्यांत विजेचे दिवे कधी आलेच नाहीत.

1733 साली मेलर वारला आणि घर त्याच्या भाच्याकडे, सायमन यॉर्ककडे आलं. तिथून पुढे 240 वर्षं यॉर्क घराणं. वारसांची नावं एकतर सायमन, नाहीतर फिलिप. या घराण्याची एक सवय आपल्या पथ्यावर पडली आहे: ते काहीच टाकून देत नसत. मोडकी खुर्ची, जुनी पावती, बिनकामाचं अवजार, सगळं कुठेतरी ठेवलेलं. आज हवेलीत सुमारे 30,000 वस्तू आहेत.

घराला आजचं रूप दिलं ते 1767 साली मालक झालेल्या पहिल्या फिलिपनं. त्याच्यापुढचा पहिला प्रश्न हवामानाचा होता. वेल्समध्ये पाऊस पश्चिमेकडून, वाऱ्याबरोबर येतो आणि कड्यावरच्या या घराच्या पश्चिम भिंतीला मधे कुठलाच आडोसा नाही. वीट सच्छिद्र असते. पावसाचं पाणी तिच्यात मुरतं, हिवाळ्यात आतल्या आत गोठतं, गोठताना फुगतं आणि विटेचा पापुद्रा उडवतं. शंभर वर्षांच्या आत पश्चिमेची भिंत खराब झाली. फिलिपनं 1770च्या दशकात त्या संपूर्ण दर्शनी भागावर घडीव दगडाचं आवरण चढवलं. म्हणून एर्दिगला आज दोन चेहरे आहेत. बागेकडून पाहिलं तर लाल विटांचं, जरा घरगुती वाटणारं सतराव्या शतकातलं घर. खोऱ्याकडून पाहिलं तर करड्या दगडाची, अठराव्या शतकातली गंभीर आणि काहीशी रुक्ष इमारत. मला स्वतःला विटांची बाजू जास्त आवडते.

दुसरा प्रश्न आगीचा. अशा हवेल्यांचा मोठा शत्रू म्हणजे चूल. फिलिपनं नवा मुदपाकखाना मुख्य घरापासून सुटा बांधला. पुढे तो जोडला गेला, पण मूळ हेतू जागेवर उभं राहिलं की स्पष्ट दिसतो. खोली भरपूर उंच आहे, म्हणजे धूर आणि वाफ डोक्याच्या वर राहते. एका भिंतीत मोठी तिहेरी खिडकी आहे, मधला भाग कमानदार आणि उंच, बाजूचे दोन अरुंद. अशी खिडकी त्या काळी दिवाणखान्याला शोभेची म्हणून लावत. इथे ती स्वयंपाक्याला उजेड मिळावा म्हणून आहे. चुलींवर जाड दगडी कमानी आहेत, आणि वर रंगवलेल्या अक्षरांत एक इंग्रजी म्हण: उधळू नका, म्हणजे चणचण भासणार नाही. मुदपाकखाना दूर ठेवण्याची किंमत रोज मोजावी लागे. जेवणघरात पोचेपर्यंत पदार्थ निवत. त्यावर उपाय म्हणजे आणखी माणसं, झाकणं आणि भराभर चालणारे पाय. एर्दिगच काय, अशा कुठल्याही हवेलीत आराखड्यातली जी सोय मालकाला मिळते ती कुणाच्या तरी पायपिटीतून येते.

आता अंगणात परत येऊ, कारण ही पायपीट इथेच सुरू होते.

पहिलं अंगण इमारतकामाचं. एवढं मोठं घर, शेकडो एकरांची जमीन, कुळांची घरं, कुंपणं, फाटकं या सगळ्यांची दुरुस्ती कायम चालू असे आणि ती बाहेरच्या ठेकेदारावर टाकलेली नव्हती. घराची स्वतःची सुतारशाळा होती, चुन्याची जागा होती, भट्टी होती. करवतीचा खड्डा जरूर पाहावा. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचा. एक माणूस वर ओंडक्यावर उभा, दुसरा खाली खड्ड्यात. दोघांच्या मधे पुरुषभर उंचीची करवत. वरचा रेघेवर नजर ठेवून करवत खेचतो, खालचा ती ओढून घेतो आणि सगळा भुसा त्याच्या तोंडावर. हवेलीतल्या फळ्या आणि तुळया अशा चिरल्या गेल्या. 1973 नंतर दुरुस्तीचं काम निघालं तेव्हा ट्रस्टनं हे अंगण पुन्हा कामाला लावलं. ज्या कामासाठी ही जागा बांधली होती तेच काम तिथे परत झालं. इमारतीची योग्यता याहून चांगली कशी सिद्ध होणार?

मग पागेचं अंगण, आणि त्यापुढचं धुण्याचं. धोबीखान्याचे दोन भाग आहेत, ओला आणि सुका. ओल्यात पाणी तापवायची तांब्याची हंडी आणि धुण्याच्या दगडी मोऱ्या. सुक्यात वाळवणं आणि चादरींना घडी बसवणं. तिथलं पेटीयंत्र थांबून पाहण्यासारखं आहे. एक भलीमोठी लाकडी पेटी, आत दगड भरलेले. पेटीखाली लाकडी रूळ. ओलसर चादरी या रुळांभोवती घट्ट गुंडाळायच्या, रूळ पेटीखाली सारायचे आणि बाजूचं चाक फिरवून ती दगडांची पेटी त्यांच्यावरून मागेपुढे लोटायची. वजन आणि फिरणं या दोहोंमुळे कापड इस्त्री न तापवताच सपाट होतं. पेटी एका टोकाला गेली की थोडी उचलली जाते, म्हणजे बोटं न चेंगरता रूळ बदलता येतो. पुढे शाही पलंगावरची पांढरी चादर दिसते, तेव्हा हे चाक डोळ्यांसमोर असायला हवं.

अंगणातून घरात शिरलं की नोकरांची जेवणखोली आणि मग तळघरातला लांब बोळ लागतो. या बोळात भिंतभर फोटो आहेत, आणि ते मालकांचे नाहीत. पहिल्या फिलिपनं 1790च्या दशकात डेनबीच्या जॉन वॉल्टर्स या चित्रकाराकडून आपल्या नोकरांची तैलचित्रं काढून घेतली आणि प्रत्येकाखाली स्वतः रचलेल्या ओळी लिहिल्या. जेन एब्रेल नावाच्या म्हातारीचं चित्र 1793चं. ती तेव्हा 87 वर्षांची होती. तिचं काम कोळ्यांची जाळी झाडण्याचं. हातात झाडू घेऊन ती थेट आपल्याकडे पाहते. पुढच्या पिढ्यांनी ही रीत सोडली नाही. फोटो निघायला लागल्यावर, 1852 पासून, नोकरांचे फोटो काढले गेले. तैलचित्रात जागा मिळणं हा त्या काळी उमरावांचा अधिकार होता, हे लक्षात घेतलं की या चित्रांचं आणि फोटोंचं मोल कळतं. म्हणून काही मी यॉर्क मंडळींना संत ठरवणार नाही. पगार तुटपुंजे, काम पहाटेपासून रात्रीपर्यंत. पण कोणी काम केलं त्याची नोंद त्यांनी ठेवली, आणि घराच्या भिंतीवर ठेवली.

वरच्या मजल्यावरच्या दालनात आणखी एका नोकराणीचं काम आहे. एलिझाबेथ रॅटक्लिफ ही यॉर्कांकडे दासी होती. तिनं शिंपल्याचा तकतकीत भाग आणि अभ्रक वापरून चिनी पॅगोड्याची प्रतिकृती केली, 1767 साली, आणि 1773 साली पाल्मिराच्या भग्न देवळाची. इतकं नाजूक काम, की काचेच्या पेटीला नाक लावून पाहावं लागतं.

बोळात नोकरांना बोलावण्याच्या घंटा आहेत. त्यांचं तंत्र इतकं साधं आणि इतकं चोख आहे, की ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वरच्या खोलीत शेकोटीजवळ एक कळ किंवा दोरी असते. ती ओढली की भिंतीतून गेलेली बारीक तार ओढली जाते. तार कोपऱ्यावर वळू शकत नाही, म्हणून प्रत्येक वळणावर एक छोटा त्रिकोणी खटका बसवलेला असतो. एका बाजूनं आलेला ओढा तो काटकोनात पुढच्या तारेला देतो. असे अनेक खटके पार करून ओढा खाली घंटेपर्यंत येतो. घंटा पोलादी पट्टीच्या गुंडाळीवर टांगलेली असते, त्यामुळे आवाज थांबल्यावरही ती काही क्षण डोलत राहते. धावत आलेल्या नोकराला नुसत्या नजरेनं कळतं, कुठल्या खोलीतून बोलावणं आलं. या घंटांमुळे घरांची रचनाच बदलली. आधी हाक ऐकू यावी म्हणून नोकराला दाराबाहेर ताटकळावं लागे. तार आल्यावर त्याला तळघरात पाठवता आलं. दृष्टीआड झाला, पण सुटका झाली नाही.

बाहेरच्या उद्यानातली एक गोष्ट मधेच सांगून टाकतो. विल्यम एम्स या उद्यानरचनाकारानं पहिल्या फिलिपसाठी खोऱ्याला नवं रूप दिलं. त्यानं ओढ्यावर बांधलेला धबधबा लोक ‘कपबशी’ म्हणून ओळखतात. उथळ गोल दगडी कुंड म्हणजे बशी, मधोमध गोल विहिरीसारखं तोंड म्हणजे कप. ओढ्याचं पाणी बशीत पसरतं, चारही बाजूंनी कपाच्या कडेवरून आत पडतं आणि खालच्या बोगद्यातून काही अंतरावर पुन्हा बाहेर येतं. दिसायला सुरेख, आणि पाण्याचा जोर दगडी नळीतच जिरत असल्यामुळे ओढ्याचा काठ कापला जात नाही. घराजवळची जुनी रेखीव बाग मात्र फिलिपनं मोडू दिली नाही. त्या काळात बाकीचे मालक अशा बागा नांगरून हिरवळी करत होते. 1740च्या सुमाराचं एक नकाशाचित्र हाताशी होतं म्हणून ट्रस्टला ती पुन्हा मूळच्या आखणीप्रमाणे लावता आली.

आता कोळसा. रेक्समच्या आसपासची जमीन कोळशाची. यॉर्क मंडळींनी घराखाली खणू दिलं नव्हतं. 1947 साली खाणी सरकारी झाल्या आणि त्यांच्या हातात काही राहिलं नाही. शेजारच्या बर्शम खाणीचं काम हवेलीखाली आलं. कोळशाचा थर काढून घेतला की त्याच्यावरचा खडक खाली बसतो आणि जमिनीवर एक उथळ खळगा तयार होतो. खाटेचे चारही पाय सारखे रुतले तर खाट नुसती बुटकी होते. एक पाय जास्त रुतला तर ती पिळवटते. एर्दिगचं तसंच झालं. घर एका टोकाला 5 फूट खचलं आणि दुसऱ्या टोकाला साडेतीन फूट. मधला दीड फुटाचा फरक भिंतींनी आणि छपरानं सोसायचा. खळग्याच्या कडेला जमीन आधी ताणली जाते, मग दाबली जाते. विटांची भिंत दाब पेलते, ताण तिला पेलत नाही, म्हणून तडे जातात. छपराची पन्हाळ जरा कलली की पाणी उलट्या दिशेला वाहून घरात शिरतं. एर्दिगमध्ये ते शाही पलंगाच्या रेशमावर पडत होतं.

घर शेवटच्या फिलिपकडे 1966 साली आलं ते या अवस्थेत. त्याला मूलबाळ नव्हतं. वर्षानुवर्षांच्या बोलण्यांनंतर 1973 साली त्यानं घर, सामान आणि जमीन ट्रस्टला देऊन टाकली. यातली कुठलीही वस्तू घरातून हलवायची नाही, हा त्याचा आग्रह. कोळसा मंडळानं 1,20,000 पौंड भरपाई दिली. ती पुरणारी नव्हती. मग हवेलीतून दिसत नसलेली 63 एकर जमीन 9,95,000 पौंडांना विकून दुरुस्तीचा खर्च भागवला. जमिनीचा तुकडा विकून घर वाचवणं कुणालाच आनंदाचं नसतं, पण दुसरा मार्गही नव्हता. खाण अजून चालू असल्यामुळे जमीन आणखी खचेल हे धरूनच इमारत मजबूत करावी लागली. बर्शम खाण बंद झाली ती 1986 साली. हवेली जून 1977 मध्ये लोकांसाठी खुली झाली आणि पुढच्याच वर्षी फिलिप वारला.

लोकांना मागच्या अंगणातून आत नेण्याचा निर्णय याच काळातला. त्या वेळी अशा हवेल्यांत पाहुण्यांना दर्शनी दारातून नेत आणि मुदपाकखाना अनेकदा बंद खोली नाहीतर उपाहारगृह होई. एर्दिगमध्ये नोकरांची चित्रं, अवजारं, हिशोब सगळं शाबूत होतं. ते वाया घालवणं हा अन्याय झाला असता.

वापर बदलला की इमारतीवरचा भार बदलतो. ज्या गालिच्यावरून दिवसाला दहा माणसं चालत तिथे आता रांगा लागतात. म्हणून ठरावीक वाट, त्यावर जाड पट्टी आणि बाजूला दोर. रेशमाचा खरा घातक शत्रू उजेड. त्यानं झालेली हानी भरून येत नाही. अशा नाजूक कापडावर 50 लक्सपेक्षा जास्त उजेड पडू नये, असा संग्रहालयांचा सर्वसाधारण दंडक आहे. ढगाळ दिवशी उघड्या मैदानात त्याच्या कित्येक पट उजेड असतो. मेलरनं जो उजेड आरसे लावून वाढवला, तोच आता पडदे ओढून कमी करावा लागतो. विजेचे दिवे नसल्यामुळे खिडकीतून येईल तेवढाच उजेड, आणि त्यातलाही थोडाच आत घेतलेला.

म्हणून एर्दिगला जायचं तर लख्ख उन्हाचा दिवस निवडावा आणि सकाळीच पोचावं. अंगणांत घाई करू नये. वरच्या खोल्यांत शिरल्यावर दाराशीच थोडं थांबावं. डोळे सरावायला काही मिनिटं लागतात. मग आधी आरशांच्या सोनेरी कडा दिसायला लागतात, पाठोपाठ खुर्च्या, आणि शेवटी भिंतीवरच्या कापडाचा रंग.